भाजीपाल्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी: पहिल्यांदा पंप उचलणाऱ्यांसाठी

टोमॅटोचा शेंडा पिवळा दिसला की नवा शेतकरी आधी फोटो काढतो, मग तो कृषी सेवा केंद्रवाल्याला पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत पंपात चार पुड्या पडलेल्या असतात. एक सूक्ष्म अन्नद्रव्यांची, एक 19:19:19 या विद्राव्य खताची, एक टॉनिकची आणि ‘हेही घ्याच’ म्हणून दिलेली कीटकनाशकाची. आठ दिवसांनी पीक सुधारले तर ते कशाने सुधारले हे कळत नाही. पाने करपली तर कोणत्या पुडीने करपवली तेही कळत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा त्याच चार पुड्या.

म्हणून या लेखात प्रत्यक्ष फवारणीइतकीच जागा तिच्या आधीच्या कामांना दिली आहे. उदाहरणाला नाशिक-पुणे पट्ट्यातली मध्यम काळ्या जमिनीतली टोमॅटोची लागवड धरली आहे. फ्लॉवर, भेंडी, मिरची, काकडी यांचे जे वेगळे आहे ते ओघात येईल.

फवारणीकडून किती अपेक्षा ठेवायची

एक हिशेब करून बघा. संकरित टोमॅटोला हेक्टरी 300 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकराला 120 किलो. एकरी 200 लिटर पाण्यात 1 टक्का युरिया फवारला तर युरिया झाला 2 किलो आणि त्यातले नत्र जेमतेम 920 ग्रॅम. या वेगाने पानातून पिकाचे पोट भरायचे तर हंगामभर फवारतच बसावे लागेल.

आता बोरॉन घ्या. 20 टक्क्यांचे बोरॉन लिटरला 1 ग्रॅम धरून 200 लिटर फवारले की एकरी 40 ग्रॅम शुद्ध बोरॉन पानांवर पडते. पिकाची एकूण गरजच ग्रॅमात असल्यामुळे हे 40 ग्रॅम मोलाचे ठरतात. जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबे, बोरॉन आणि मॉलिब्डेनम ही मंडळी झाडाला लागतात थोडी, पण लागतात म्हणजे लागतातच. त्यांच्यासाठी पानाची वाट परवडते.

आपल्याकडे या वाटेची गरज पडते त्याला जमीन कारण आहे. काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) 8च्या आसपास किंवा वर असतो. अशा मातीत लोह आणि जस्त असले तरी मुळांना उचलता येत नाही. त्यात वर्षानुवर्षे डीएपी टाकून स्फुरद साठलेला असेल तर जस्ताची अडचण आणखी वाढते. कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत नेमके उलटे घडते. तिथे लोह भरपूर असते, पण पावसाने बोरॉन धुपून जाते आणि आम्लतेमुळे मॉलिब्डेनम मिळेनासे होते. नारायणगावच्या टोमॅटोला लागू पडलेली फवारणी रत्नागिरीच्या परसातल्या फ्लॉवरवर जशीच्या तशी उचलली तर ती गैरलागूच ठरणार.

आधी माती

मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते. ती कपाटात असेल तर बाहेर काढा. तिच्यावर गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉनचे आकडे असतात. नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासकीय माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी हवी असे तोंडाने सांगा. नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशवरच अहवाल आटोपतो.

अहवाल वाचताना सर्वसाधारण मर्यादा अशा धरतात: जस्त 0.6, लोह 4.5, मंगल 2.0, तांबे 0.2 आणि बोरॉन 0.5 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). आकडा याच्या खाली असेल तर कमतरता आहे असे समजतात. जस्त 0.4 असेल तर पान काही बोलायची वाट न पाहता जस्ताची तयारी ठेवायची. तांबे बहुतेक वेळा पुरेसे निघते. शिवाय बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची बुरशीनाशके फवारणाऱ्याच्या पिकाला तांबे वेगळे द्यायची गरज सहसा पडत नाही. तसेच मँकोझेब या बुरशीनाशकात मंगल आणि थोडे जस्त असते. मँकोझेबच्या फवारणीनंतर पीक ‘हिरवेगार झाले’ असे सांगणारे भेटतात, त्यांतल्या काहींच्या शेतात बुरशी आटोक्यात येण्याबरोबर मंगलाची उणीवही भरून निघालेली असू शकते.

अहवाल हातात येईपर्यंत एवढे करा: मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. फसफस झाली तर मोकळा चुना आहे आणि लोहाची कुरबुर कधी ना कधी होणार.

पान वाचायला शिका

इथे घाई करू नका. पहिला प्रश्न एकच: खूण खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर?

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी अन्नद्रव्ये आहेत. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी खराब होतात. लोह, बोरॉन आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून सहज हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्यावर दिसते. मंगल आणि जस्त या दोन गटांच्या मधले, तरी त्यांच्या खुणाही वरच्या आणि मधल्या पानांकडेच शोधायच्या.

लोह: शेंड्याचे पान पिवळे, पण शिरांची बारीक जाळी हिरवीगार. फार वाढले तर पान पांढुरके पडते. पावसाळ्यात पाणी साचलेल्या चुनखडीच्या रानात हे हमखास दिसते आणि पुष्कळदा वाफसा आला की आपोआप कमी होते. त्यामुळे सलग पाऊस चालू असताना पिवळा शेंडा दिसला तर पंपाआधी कुदळ घ्या आणि चर काढा.

मंगल: लोहासारखेच, पण शिरांलगतचा हिरवा पट्टा रुंद आणि पिवळेपणा फिकट, ठिपक्यांचा.

जस्त: पान लहान, पेरे आखूड, शेंड्याला पाने गोळा झाल्यासारखी. झाड बसके दिसते. रोप लावल्यावर तीन-चार आठवडे वाढच धरत नाही आणि पाणी-खत तर वेळेवर आहे, अशा वेळी जस्ताचा संशय घ्यावा.

बोरॉन: शेंडा ठिसूळ, हाताने वाकवला तर कडकन मोडतो. फुलगळ होते आणि फळे वेडीवाकडी, तडकलेली निघतात. फ्लॉवरमध्ये खोड आतून पोकळ होते आणि गड्ड्यावर तपकिरी, पाणीदार डाग येतात. पण नत्र जास्त झाल्याने फ्लॉवर भराभर वाढला तरी खोड पोकळ होते. खोड कापून आतला भाग पाहा: पोकळीची कड स्वच्छ पांढरी असेल तर दोष बहुधा युरियाचा, तपकिरी पडलेली असेल तर बोरॉनचा.

मॉलिब्डेनम: फ्लॉवरच्या पानाचे पाते आक्रसत जाते आणि शेवटी नुसती मधली शीर उरते. आम्लधर्मी मातीतच बहुतेक दिसते. काळ्या रानात याच्या मागे लागू नका.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ही दुय्यम अन्नद्रव्ये, पण फवारणीचा विषय निघाला की येतातच. फळे भरायला लागली की टोमॅटोच्या खालच्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, ते मॅग्नेशियम. पालाश जोरात दिला की हे जास्त दिसते. टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीच्या फळाच्या बुडाशी काळपट, खोलगट, कडक डाग पडतो, ते कॅल्शियम. त्यातही खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणी असते. रान आधी कोरडे पाडायचे आणि मग भरपूर भिजवायचे, यात कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. पानावर पडलेले कॅल्शियम फळात जात नाही, त्यामुळे फवारायचेच तर लहान फळे भिजली पाहिजेत, आणि डाग पडलेले फळ काही केल्या दुरुस्त होत नाही. ठिबकच्या पाळ्या सरळ केल्या आणि आच्छादन टाकले तर निम्मे काम होते.

आता ज्या गोष्टी अन्नद्रव्यांच्या नाहीत पण तशा दिसतात, त्या. भेंडीचा हळद्या, म्हणजे पिवळ्या शिरांचा मोझॅक, हा पांढऱ्या माशीतून येणारा विषाणू आहे. त्यात शिरा पिवळ्या होतात आणि मधले पान सुरुवातीला हिरवे असते. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे. एवढा एक फरक डोळ्यात बसला तरी भेंडीवाल्याचे फवारणीचे पैसे वाचतील, कारण हळद्यावर जगातले कुठलेही अन्नद्रव्य चालत नाही. मिरचीचा बोकड्या, ज्यात पाने चुरगळून वाटीसारखी होतात, तो फुलकिडे, कोळी किंवा विषाणूचा असतो. भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहा. झाड दिवसा मान टाकत असेल आणि पिवळे पडत असेल तर एक झाड उपटा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. शेजारच्या उसात 2,4-डी हे तणनाशक फवारले असेल तर त्याच्या वाऱ्यानेही टोमॅटोची पाने विचित्र आवळतात.

आणखी एक ओळख: कमतरता सहसा पट्ट्यात किंवा रानाच्या एखाद्या भागात सारखी दिसते. दहा निरोगी झाडांमध्ये एकच पिवळे झाड उभे असेल तर ते रोगाचे समजावे.

चार झाडांची परीक्षा

अंदाज बांधला की तो तपासा. लोहाचा संशय असेल तर पेलाभर पाण्यात चिमूटभर ताजे हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा आणि कापसाच्या बोळ्याने कोवळ्या पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला संध्याकाळी लावा. पानाला खुणेचा दोरा बांधा. तीन-चार दिवसांत लावलेला भाग हिरवा व्हायला लागला तर निदान पक्के.

बाकीच्यांसाठी दोन ओळी घ्या. एका ओळीवर संशयित अन्नद्रव्य एकटेच फवारा, शेजारची ओळ नुसत्या पाण्याने भिजवा. काठी रोवून खूण करा आणि आठवडा-दहा दिवस नव्या येणाऱ्या पानांकडे लक्ष ठेवा. जुन्या पानांचा रंग परत येईल ही आशा धरू नका. लोकांना हा आठवडा फुकट गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते अख्ख्या लेखातले हे सर्वांत कमाईचे काम आहे, कारण सुटीच्या दिवशी दहा रुपयांत होते आणि पुढे कोणाला विचारावे लागत नाही.

काय विकत घ्यायचे

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

पहिला, साधे क्षार. झिंक सल्फेट (21 टक्के जस्ताचे आणि 33 टक्क्यांचे अशी दोन रूपे मिळतात, पुडीवर पाहा), फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, मँगनीज सल्फेट, बोरॅक्स म्हणजे टाकणखार. स्वस्त, पण पानाला तिखट. झिंक सल्फेट फवारायचे तर जुनी रीत अशी: लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्म्या चुन्याची निवळी. चुन्यामुळे आम्लपणा मरतो आणि पान भाजत नाही. हिराकस घेताना रंग पाहा. हिरवट स्फटिक चांगले. पिवळे-तांबूस पडलेले हवेने बाद झालेले असतात, ते घेऊ नका.

दुसरा, चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले अन्नद्रव्य. ईडीटीएयुक्त जस्त आणि लोह, दोन्ही 12 टक्क्यांची. महाग आहेत, पण लिटरला अर्धा ते एक ग्रॅमच लागतात आणि पान भाजण्याची भीती कमी. नवख्याने कोवळ्या भाजीवर इथूनच सुरुवात करावी. ईडीडीएचए नावाचे लालसर लोह मात्र चुनखडीच्या जमिनीत मुळाशी द्यायचे आहे. ते पानावर उधळणे म्हणजे पैसे उधळणे.

तिसरा, मिश्रणे. महाराष्ट्रात ग्रेड 1 आणि ग्रेड 2 ही नावे रूढ आहेत. ग्रेड 1 जमिनीतून देण्यासाठी, ग्रेड 2 फवारणीसाठी. ग्रेड 2मध्ये जस्त 3, लोह 2.5, मंगल 1, तांबे 1, बोरॉन 0.5 आणि मॉलिब्डेनम 0.1 टक्का असते. दुकानात नुसते ‘मायक्रोन्युट्रिएंट द्या’ म्हटले तर ग्रेड 1 हातात पडू शकते, म्हणून ग्रेड बोलून मागा. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाज्यांसाठी ‘अर्का व्हेजिटेबल स्पेशल’ हे मिश्रण काढले आहे. त्याच्यासोबत पंपात लिंबू पिळायचे आणि शाम्पूची पुडी टाकायची शिफारस आहे. ऐकायला गंमत वाटते, पण लिंबाने पाण्याचा सामू उतरतो आणि शाम्पूने थेंब पानावर पसरतो.

मिश्रण कधी घ्यावे? माती अहवालात दोन-तीन अन्नद्रव्ये कमी असतील किंवा अहवालच नसेल आणि प्रतिबंधक म्हणून एक हलकी फवारणी करायची असेल तेव्हा. एकच उणीव ठसठशीत दिसत असेल तर ग्रेड 2मधल्या 3 टक्के जस्ताने ती भरत नाही. तिथे ते एकच अन्नद्रव्य वेगळे द्यायचे.

खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे अन्नद्रव्याची टक्केवारी पुडीवर छापलेली असावी लागते. बाटलीवर फुलांचे आणि फळांचे चित्र मोठे आणि आत काय आहे त्याचा आकडा कुठेच नाही, असे असेल तर ती बाटली दुकानातच राहू द्या. बिल घ्या.

प्रमाण

1 टक्का म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. 0.5 टक्का म्हणजे 5 ग्रॅम, 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. एवढे पाठ असले की कुठलीही शिफारस वाचता येते. 15 लिटरच्या पंपाला चालतील अशी ही मापे:

• चिलेटेड जस्त किंवा चिलेटेड लोह: 8 ते 15 ग्रॅम
• बोरॉन 20 टक्के: 15 ग्रॅमपर्यंत, वाल-घेवडा आणि काकडीला निम्मे
• ग्रेड 2: पुडीवर दिलेल्या प्रमाणात, पहिल्या वेळी त्याच्या खालच्या टोकाला
• मॅग्नेशियम सल्फेट: 75 ग्रॅम
• कॅल्शियम नायट्रेट: 45 ते 75 ग्रॅम
• अमोनियम मॉलिब्डेट: 7 ते 8 ग्रॅम, फक्त फ्लॉवर-कोबीला आणि खात्री असेल तरच

बोरॉनबद्दल जरा थांबून सांगतो. पुरेसे आणि विषारी यांच्यातले अंतर बोरॉनइतके कमी दुसऱ्या कशाचे नाही. घेवडा त्याला फार हळवा, फ्लॉवर-कोबी सोसणारे. लोहात हात सैल सुटला तर पाने डागाळतात, बोरॉनात सुटला तर कडा करपून वाढच थांबते. ते चमच्याने मोजायचेच नाही. दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा वजनकाटा घ्या. गच्चीवर चार कुंड्या असतील तर 10 ग्रॅम पूड 100 मिली पाण्यात विरघळवून घ्या आणि त्यातले 10 मिली एका लिटरला वापरा, म्हणजे बरोबर 1 ग्रॅम पडते.

द्रावण करताना

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी बऱ्याचदा क्षारयुक्त आणि 8 सामूचे असते. अशा पाण्यात हिराकस टाकले की थोड्या वेळात तांबूस गाळ खाली बसतो, म्हणजे लोह पंपातच संपले. सामू तपासायच्या पट्ट्या दुकानात मिळतात. पाणी साधारण 6च्या आसपास आणायला लिंबू किंवा चिमूट-चिमूट सायट्रिक आम्ल घाला आणि प्रत्येक वेळी तपासा. सामू खत टाकण्याआधी उतरवायचा. चुन्याच्या निवळीची रीत वापरणार असाल तर मात्र हे करू नका, एकाने घातलेले दुसरे खाऊन टाकते.

मग बादलीत दोन-तीन लिटर पाण्यात पूड पूर्ण विरघळवा. पंप अर्धा भरा, द्रावण धोतराच्या जुन्या कापडातून गाळून ओता, ढवळा आणि वर पाणी करा. न गाळता ओतले की पाचव्या मिनिटाला नोझल तुंबते, आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ती सोडा. जवळ जुना दात घासायचा ब्रश ठेवा.

काय एकत्र करू नये: कॅल्शियम नायट्रेट कुठल्याही सल्फेटबरोबर नाही, कारण तळाशी जिप्सम बसते. कॅल्शियम 12:61:00 किंवा 00:52:34 यांच्याबरोबर नाही. झिंक सल्फेटसुद्धा स्फुरदाच्या विद्राव्य खतांबरोबर नाही. बोर्डो मिश्रणाबरोबर काहीच नाही. शंका असेल तर काचेच्या बाटलीत पंपातल्या प्रमाणाने थोडेसे मिसळा आणि अर्धा तास ठेवा. गढूळ झाले, गाळ बसला, फेस-चोथा झाला किंवा बाटली हाताला गरम लागली तर ते मिश्रण नको. कीटकनाशकाबरोबर फवारणी ‘एका दगडात’ उरकण्याचा मोह होतो. पहिल्या हंगामात तरी अन्नद्रव्ये स्वतंत्र फवारा, नाहीतर वरची दोन ओळींची परीक्षा करून उपयोग काय?

तणनाशकाचा पंप भाजीवर वापरायचा नाही. कितीही धुतला तरी नाही.

फवारताना

पान द्रावण शोषते ते ओले असेपर्यंत. म्हणून सकाळी दव उतरल्यावर दहापर्यंत, नाहीतर दुपारी चारनंतर. हिवाळ्यात दव असताना फवारले तर थेंब दवाबरोबर ओघळून खाली जातो. भर उन्हात पाणी उडते, क्षार पानावर घट्ट होतो आणि चट्टे पडतात. काकडी, लाल भोपळा यांची फुले बहुतेक सकाळी मधमाश्यांनी भरलेली असतात, तिथे संध्याकाळच धरा. पाऊस येणार असेल तर थांबा. फवारल्यावर चार-पाच तासांच्या आत सर कोसळली तर बहुतेक धुऊन गेले असे समजून पुढची वेळ बघायची.

रान वाफशावर हवे. पाण्याचा ताण बसलेल्या, माना टाकलेल्या पिकावर फवारू नका.

नोझल बारीक थेंबांचे, पोकळ शंकूचे. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, म्हणून नळी खालून वर फिरवा. पानावरून पाणी निथळू लागायच्या आत पुढे सरका. कोबी-फ्लॉवरच्या मेणचट पानांवर थेंब टिकत नाही, तिथे चिकटद्रव्य लागतेच. टोमॅटो, वांगी, भेंडीच्या लवदार पानांवर थोडे पुरते.

पाणी किती लागेल? पूर्ण वाढलेल्या पिकाला एकरी 200 लिटर, म्हणजे गुंठ्याला 5 लिटर. एक पंप तीन गुंठ्यांचा. तुमचा पंप पाच गुंठे पुरत असेल तर तुम्ही घाईत चालताय, दीड गुंठ्यात संपत असेल तर पानांना आंघोळ घालताय. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात याच्या निम्मे पाणी पुरते.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क, हातमोजे. अन्नद्रव्य म्हणजे विष नाही हे खरे, पण मोरचूद किंवा हिराकस डोळ्यात गेले तर ते ऐकून घेत नाही.

कधी कधी

टोमॅटोला ढोबळ मानाने असे: रोपे लावून मुळे धरली, नवी पाने दिसली की साधारण 20-25 दिवसांनी जस्त-लोहाची किंवा ग्रेड 2ची पहिली फवारणी. कळी दिसू लागली की फुले उमलायच्या आत बोरॉन. फळे लिंबाएवढी व्हायच्या आत, डागाचा इतिहास असेल तर कॅल्शियम नायट्रेट, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. तोडे चालू झाल्यावर खालची पाने पिवळी पडली तर मॅग्नेशियम. यातले कुठलेही गरज नसताना करायचे नाही. माती चांगली असेल आणि शेणखत भरपूर पडले असेल तर एकही न करता पीक निघते.

फ्लॉवरला बोरॉन लावणीनंतर महिन्याने आणि गड्डा धरायच्या आधी. गड्डा दिसल्यावर फवारले तर उशीर झालेला असतो. मेथी, कोथिंबीर, पालक अशा पालेभाज्यांवर काढणीच्या आधीचे आठ-दहा दिवस फवारा नको. पानावर पांढरे-तांबूस डाग राहिले तर बाजारात जुडीचा भाव पडतो.

नंतर काय पाहायचे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा पाहा. करपल्या असतील तर प्रमाण जास्त झाले किंवा ऊन लागले. फवारताना लगेच लक्षात आले तर साध्या पाण्याने पीक धुऊन काढा. आठ-दहा दिवसांनी नव्या पानांची तुलना न फवारलेल्या ओळीशी करा. रानाच्या एका टोकाच्या चार ओळी प्रत्येक वेळी न फवारता ठेवाव्यात. शेजारी हसतील, हसू द्या. तोड्याच्या वेळी या ओळींची क्रेट वेगळी मोजली की फवारणीने किती पदरात पडले ते तुमच्याच वहीत लिहिले जाते: तारीख, पुडीचे नाव, ग्रॅम, पंप, हवा, क्रेट.

दोन फवारण्यांनंतरही फरक नसेल तर तिसरी करू नका. निदान चुकले आहे. उपटलेले अख्खे झाड मुळासकट पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. फोटोवर मुळे दिसत नाहीत.

आणि दर हंगामात तीच उणीव येत असेल तर तिला मातीतूनच गाठावे लागते. नांगरणीनंतर एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट, तेवढेच हिराकस, आणि अहवालात कमी असेल तरच 2 किलो बोरॅक्स. यांच्या दहापट चांगले कुजलेले शेणखत घेऊन त्यात मिसळा, ओलसर करून सावलीत आठ-दहा दिवस मुरू द्या आणि मग सरीत टाका. शेणखतात मुरलेले जस्त-लोह चुनखडीत लवकर अडकत नाही. जस्ताचा असा एक डोस दोन-तीन पिकांना पुरतो. बोरॅक्सचा मात्र पुढच्या वर्षी पुन्हा माती तपासल्याशिवाय कणही टाकू नका.